कळसूबाईला जाताय? या चुका टाळा

पंधरा वर्षं मी पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई चढतोय. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर; पण शिड्या आहेत म्हणून लोक त्याला 'सोपं' म्हणतात. दर पावसाळ्यात त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वाट सोडणं. एका ऑगस्टमध्ये उतरताना धुकं इतकं दाटलं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. आमच्यातल्या दोघा पोरांना घाई होती. मळलेली वाट वळसा घेते म्हणून ते गवतातल्या एका ढोरवाटेने सरळ खाली सुटले. ती वाट गुरांची, तिला गावात पोचायची काय घाई? कातळाच्या काठावर ती संपली. वर यावं तर गवत निसरडं. हाका ऐकू येत होत्या, पण धुक्यात आवाज कुठून येतोय ते कळेना. मोबाइलची बॅटरी फोटोंत संपलेली. बारीतल्या एका दादाने दोन तासांनी त्यांना शोधून वर घेतलं. दोघंही गारठून थरथरत होते. वाट हरवली असं वाटलं की खाली उतरू नका. शेवटची ओळखीची खूण होती तिथवर परत चढा. मी तर जातानाच प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघतो, कारण परतताना तोच फाटा वेगळा दिसतो. शॉर्टकटने वाचलेली वीस मिनिटं मला कधीच पटलेली नाहीत.

दुसरी चूक शिड्यांवरची. जिना उतरावा तसे लोक दरीकडे तोंड करून उतरतात. ओल्या लोखंडावर टाच अर्धीच टेकते, सॅक मागच्या पायरीला अडकते आणि तोल पुढे जातो. तोंड शिडीकडे ठेवा. खालचा माणूस उतरेपर्यंत मी पाय टाकत नाही, मागून कितीही घाई होवो.

जीन्स नको, भिजली की पाय उचलत नाही.

रात्री चढायचं तर डोक्याला लावायची बॅटरी हवी, मोबाइलचा उजेड नको. हात मोकळे लागतात.

उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी. वरच्या विहिरीच्या भरवशावर निघू नका.

स्पीकर घरी ठेवा. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, 1986 पासून. माथ्यावर देवीचं देऊळ आहे, नवरात्रात गावोगावची माणसं दर्शनाला येतात. शिडीवर आधी त्यांना वाट द्या.