दारात बेलीफ आला तर

माझी सगळी नोकरी कोर्टाच्या नझारतीत, म्हणजे हुकूम बजावणाऱ्या विभागात, बेलीफ म्हणून झाली. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी जप्तीला गेलं की कुणी दार लावून घ्यायचं, तर कुणी घाबरून न मागताच दागिने पुढे करायचं. दोन्ही नको.

आधी वॉरंट मागून घ्या आणि सावकाश वाचा. कोर्टाचा शिक्का, दरखास्त (निकालाच्या वसुलीसाठी कोर्टात केलेला अर्ज) नंबर, रक्कम आणि मुदतीची तारीख पाहा. तारीख उलटली असेल तर त्या वॉरंटावर जप्ती होत नाही. शिक्क्याचा कागद नसताना कुणी ‘कोर्टाकडून आलोय’ म्हणालं, तर तो बहुधा कंपनीचा वसुलीवाला. त्याला घरातल्या चमच्यालाही हात लावायचा अधिकार नाही. आम्हालासुद्धा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. दिवसा मात्र अडवू नका. ऋणको, म्हणजे कर्जदार, स्वतः राहत असलेल्या घरात येऊ देत नसेल, तर बाहेरचं दार तोडता येतं.

काय नेता येत नाही, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्रासारखा धर्माने बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना सुटतो. सुताराचा रंधा-करवत सुटतो. शेतकऱ्याची अवजारं, आणि पोटापाण्यासाठी कोर्टाला जरूर वाटतील तेवढी जनावरं व बियाणं सुटतं. शेतकरी राहतो ते त्याचं घरही. पण तेच घर या कर्जाला गहाण असेल तर ही ढाल चालत नाही. टीव्ही, फ्रिज, मोटारसायकल नेता येते. ‘सवलत सोडली’ असं सावकाराने आधीच लिहून घेतलं असेल, तरी ते रद्दबातल.

फ्रिज भावाचा असेल तर माझ्याशी वाद घालून उपयोग नसतो. मालकी ठरवणं बेलिफाचं काम नाही. हरकत पंचनाम्यात लिहायला लावा, पंचांच्या सह्या होण्याआधी तो वाचा, आणि भावाने पावती घेऊन लगेच त्याच कोर्टात अर्ज करावा. लिलाव झाल्यावर आलेला अर्ज कुणी ऐकत नाही.

पगाराचा हिशेब वेगळा. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सुरक्षित. २५,००० पगार असेल तर महिन्याला जास्तीत जास्त ८,००० कापले जातात, आणि एका हुकूमनाम्यापोटी (कोर्टाने निकाल देऊन काढलेल्या हुकमापोटी) एकूण २४ महिनेच. पोटगीचा हुकूमनामा असेल तर मात्र हे गणित लागू नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, तेव्हा ती धमकी मनावर घेऊ नका.

सावकार विनापरवाना असेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने त्याला हुकूमनामाच मिळायला नको. पण हे सांगायची वेळ समन्स आल्यावर, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देताना. समन्स न घेता गप्प बसलात तर एकतर्फी निकाल होतो, आणि तो फिरवायला निकालाच्या तारखेपासून जेमतेम ३० दिवस.

आता पैसे भरायचे असतील तर. शक्यतो कोर्टात भरा. धनकोच्या, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याच्या, हातात परस्पर दिलेत, तर ३० दिवसांच्या आत कोर्टात अर्ज देऊन त्याची नोंद करून घ्या. नोंद नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट ती रक्कम धरतच नाही, हातात त्याच्या सहीची पावती असली तरी. पुन्हा वॉरंट निघतं, पूर्ण रकमेचं.