हेव्हर कॅसल पाहायला जाताना

केंटमधल्या हेव्हरला रेल्वेने जायचं तर लंडन ब्रिजहून अकफील्डकडे जाणारी गाडी धरा आणि हेव्हरलाच उतरा. स्टेशनबाहेर टॅक्सी उभी नसते, पुढे साधारण मैलभर चालावं लागतं. पावसानंतर पायवाटेवर चिखल होतो, तेव्हा बूट तसे घाला. चालणं जमणार नसेल तर आधीच्या एडनब्रिज टाउनला उतरा, पण टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. नुसतं 'एडनब्रिज' हे वेगळ्या मार्गावरचं स्टेशन आहे, तिथे हमखास गफलत होते.

बागा साधारणपणे साडेदहाला उघडतात, कॅसल मात्र बाराला. हिवाळ्यात दिवस आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळ पाहा. नुसत्या बागेचं तिकीट स्वस्त असलं तरी ते घेऊ नका, आतली वास्तू हुकते.

मधल्या दीड तासात आधी खंदकाला बाहेरून फेरी मारा. दगडी तट आणि दरवाजा मध्ययुगातले, ही मूळ गढी. १४६२ मध्ये ती बोलिन घराण्याने घेतली आणि तटाच्या आत राहतं घर बांधलं. पूल ओलांडताना दरवाजात वर पाहा, सरकती जाळी दिसेल. आतल्या चौकात लाकडी चौकटींच्या भिंती लागतात. गढीचा वाडा झाला तो इथे, त्यामुळे चौकात घाई करू नका.

खोल्यांमध्ये मात्र सावध राहा. जुनं वाटणारं बरंचसं कोरीव लाकूडकाम १९०३ मध्ये ही जागा विकत घेणाऱ्या विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टर या अमेरिकेत जन्मलेल्या धनाढ्याने करवून घेतलेलं आहे. खालचा इनर हॉल ट्यूडर काळी स्वयंपाकघर होता, आजचं भिंतींवरचं अक्रोडाच्या लाकडाचं आच्छादन अ‍ॅस्टरचं. मागचं 'ट्यूडर गाव'ही त्यानेच पाहुण्यांसाठी बांधलं. अस्सल पाहायचं तर अ‍ॅन बोलिनच्या दोन प्रार्थनापोथ्यांपाशी थांबा. त्यांत तिच्या हातची अक्षरं आहेत. इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याची ही दुसरी राणी, १५३६ मध्ये तिचा शिरच्छेद झाला.

वर जायला अरुंद गोल जिने आहेत. बाबागाडी वर नेता येत नाही आणि व्हीलचेअर तळमजल्यापुरतीच फिरते. गुडघे दुखत असतील तर हे आधी लक्षात घ्या.

नंतर इटालियन बागेतून ३८ एकरांच्या तळ्याकडे जा. तळ्याची फेरी करायची असेल तर तासभर हाताशी ठेवा. परतताना फाटकाजवळच्या सेंट पीटर चर्चमध्ये अ‍ॅनच्या वडिलांची, थॉमस बोलिनची, पितळी प्रतिमा असलेली कबर पाहा. परतीची गाडी तासाला एकच असते, तिची वेळ सकाळीच टिपून ठेवा.