आयपीएलमध्ये प्लेयरवर बॅन लागला की बातमी कशी वाचायची

आयपीएल सुरू झालं की कोणावर तरी कारवाई होते आणि मग ग्रुपवर "हे कोण लागून गेले याला बॅन करणारे" सुरू होतं. भांडायच्या आधी थोडं तपासून घ्या.

पहिलं म्हणजे कारवाई कोणी केली ते बघा. मैदानातला राडा असेल तर मॅच रेफरी, आणि लेव्हल 1 चा, म्हणजे सगळ्यात हलक्या गुन्ह्याचा मामला असेल तर त्याचा शब्द फायनल, अपील वगैरे विसरा. फाईन किती टक्के ते सोडा हो, डिमेरिट पॉइंट (चुकीबद्दल नावावर जमा होणारे वाईट गुण, साठले की मॅच जाते) मोजा, खरी गोम तिथे आहे. लखनौचा दिग्वेश राठी, 2025 मधलं ते वहीत नाव लिहायचं सेलिब्रेशन, पहिल्यांदा 1 पॉइंट, मग 2, मग अभिषेक शर्माशी वाजलं तेव्हा परत 2, झाले 5 आणि गडी एक मॅच बाहेर.

मैदानाबाहेरचं असेल तर रेफरीचा संबंधच नाही, तिथे प्लेयरने सही कशावर केलीय ते शोधा, कारण लीगची सगळी पॉवर तिथूनच येते. 2010 ला जडेजा अख्खा सीझन घरी बसला तो राजस्थानचा करार रिन्यू न करता दुसऱ्या टीमशी बोलणी केली म्हणून. हॅरी ब्रूकने 2025 ला ऑक्शनमध्ये विकलं गेल्यावर माघार घेतली, नियम आधीच लेखी होता, 2 वर्षं बॅन. मला हे कडक वाटतं पण अन्याय नाही वाटत.

मग लीगचा बॅन आणि बोर्डाचा (बीसीसीआयचा) बॅन वेगळा करा. 2008 ला हरभजनने श्रीशांतच्या कानाखाली दिली तेव्हा रेफरी फारुख इंजिनियरनी उरलेल्या 11 मॅच काढून घेतल्या, वर बीसीसीआयने 5 वनडे वेगळ्या.

कोर्टाचं खातं तिसरंच. स्पॉट फिक्सिंगच्या केसमधून श्रीशांत 2015 ला कोर्टात सुटला तरी बोर्डाचा आजीवन बॅन तसाच, कारण क्रिमिनल केसला लागतो तेवढा पुरावा बोर्डाला लागत नाही. 2019 ला सुप्रीम कोर्टाने पण दोषी आहे की नाही यात हात घातला नाही, शिक्षा किती याचा परत विचार करा एवढंच सांगितलं, आणि ती 7 वर्षांवर आली.

आणि हो, स्लो ओव्हर रेटसाठी (वेळेत ओव्हर न संपवल्याबद्दल) कॅप्टनवर थेट बॅनचा नियम 2025 पासून बदललाय, मुंबईचा कॅप्टन हार्दिक त्या सीझनची पहिली मॅच मुकला तो 2024 च्या हिशोबामुळे, तेव्हा जुने स्क्रीनशॉट टाकून वाद घालू नका.