मिडलवेअर शिकताना मी कुठे कुठे अडकलो

पहिल्या नोकरीत मला छोटंसं काम दिलं होतं, प्रत्येक रिक्वेस्टचं टोकन, म्हणजे लॉगिन केल्याचा पुरावा, तपासायचं. एक्सप्रेसमध्ये (नोड जेएसवर सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क) मिडलवेअर लिहिलं, म्हणजे रिक्वेस्ट आल्यापासून उत्तर जाईपर्यंत मध्ये चालणारं फंक्शन, सर्व्हर चालू केला आणि ब्राउझर नुसता गोल फिरतोय. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. अख्खा दिवस मी डेटाबेस तपासत बसलो आणि संध्याकाळी दिसलं की टोकन चुकीचं असेल तर काय करायचं ते लिहिलंय, पण बरोबर असेल तर नेक्स्ट() कॉल करायचा राहूनच गेलाय.

म्हणून नवीन लोकांना मी आधी हेच सांगतो. ज्या क्रमाने तुम्ही ॲप डॉट यूज लिहिता त्याच क्रमाने रिक्वेस्ट एकेका फंक्शनच्या हातात जाते, आणि त्याने एकतर उत्तर पाठवून विषय तिथेच संपवायचा नाहीतर नेक्स्ट() करून पुढे ढकलायचं. दोन्ही केलं नाही तर रिक्वेस्ट लटकते, आणि ४०१ (म्हणजे लॉगिन वैध नाही) पाठवून रिटर्न विसरलात, खाली नेक्स्ट() तसंच चाललं, तर पुढचा हँडलरपण उत्तर द्यायला जातो आणि हेडर्स आधीच गेलेत म्हणून एरर येते. क्रमाचंही तसंच, रिक्वेस्टची बॉडी वाचून देणारं एक्सप्रेस डॉट जेसन राउटच्या खाली लिहिलं तर राउटमध्ये बॉडी अनडिफाइन्डच मिळणार.

एरर हँडलरचं एक बारीक आहे. एक्सप्रेस तो ओळखतं चार आर्ग्युमेंट्सवरून. लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) म्हणाला नेक्स्ट वापरला नाहीये, म्हणून मी तो काढला, उरले तीन, आणि माझा एरर हँडलर गुपचूप साधं मिडलवेअर झाला! तेव्हा चौथा वापरत नसलात तरी ठेवाच.

तयार लायब्ररी घ्यायच्या आधी एक लॉगर हाताने लिहून बघा, मी खरंच आग्रहाने सांगतोय. सुरुवातीला वेळ नोंदवा आणि नेक्स्ट() च्या पुढच्या ओळीत फरक छापा. राउटला डेटाबेसमधून डेटा आणायला ३०० मिलिसेकंद लागत असले तरी तुम्हाला १ किंवा २ दिसेल, कारण एक्सप्रेस तिथे थांबत नाही. मग तेच रिस्पॉन्सच्या फिनिश इव्हेंटवर लावा, आकडा बरोबर येईल. कोआ या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये मात्र अवेट नेक्स्ट() केलं की उत्तर तयार झाल्यावर कंट्रोल खरंच परत तुमच्याकडे येतो.

फ्रंटएंडला असंच काम करतात ॲक्सिओस या रिक्वेस्ट पाठवायच्या लायब्ररीचे इंटरसेप्टर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट किंवा उत्तर मध्येच अडवणारी फंक्शन्स. ४०१ आला की टोकन रिफ्रेश करून तीच रिक्वेस्ट परत पाठवायची, ऐकायला सोपं आहे, पण पेज उघडताना पाच कॉल एकदम जातात, पाचही ४०१ घेऊन येतात आणि पाच रिफ्रेश सुटतात. रिफ्रेशचं प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराचं ऑब्जेक्ट) एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, बाकीच्यांनी त्याचीच वाट बघायची, आणि रिफ्रेशचा कॉल स्वतः या इंटरसेप्टरमधून वगळा नाहीतर लूप लागतो. ब्राउझरच्या स्वतःच्या फेचला इंटरसेप्टर नसतात, स्वतःचं रॅपर लिहायचं, त्यात ४०४ किंवा ५०० आला तरी प्रॉमिस रिजेक्ट होत नाही म्हणून रिस्पॉन्सचं ओके तपासायचं, आणि बॉडी एकदाच वाचता येते म्हणून लॉग करायची असेल तर आधी क्लोन.

लॉगिनचा सगळा भार मात्र मिडलवेअरवर टाकू नका. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएस या फ्रेमवर्कमधली (वरच्या नेक्स्ट() शी याचा संबंध नाही) एक त्रुटी जाहीर झाली होती, स्वतः होस्ट केलेल्या ॲपला एक ठरावीक हेडर पाठवला की मिडलवेअर चालायचंच नाही आणि रिक्वेस्ट सरळ आत. तेव्हापासून हा डेटा या युजरला दाखवायचा का, हे मी जिथे डेटा काढतो त्या फंक्शनमध्येही तपासतो.