संगीत नाटकात काम करायचंय? मग आधी गद्य सांभाळा

विशारद झालंय, युवा महोत्सवात बक्षिसं आहेत, आता संगीत नाटकात काम करायचंय, काय करू असं आमच्याकडच्या पोरी विचारायल्यात, परभणी, नांदेड, अंबाजोगाई, सगळीकडून. गाण्याचं मी सांगत नाही, ते तुम्हाला येतंय. मला जे नडलं आणि अजूनही अधूनमधून नडतं तेवढंच सांगते.

गळा बसतो, म्हणजे आवाज जातो, तो पदांनी नाही, गद्यानं, म्हणजे पदांच्या मधल्या बोलण्यानं. घरी आपण पद बसवतो ते मांडी घालून, पेटी शेजारी, निवांत. स्टेजवर त्याच पदाच्या आधी अख्खा प्रवेश असतो, त्यात भांडण, रडणं, शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून चढवलेला आवाज. मग ऑर्गनवाले काळी चारचा, म्हणजे आपल्या पट्टीचा सूर देतात आणि आपलं बोलणं भलतीकडंच असतं, तिथून षड्ज म्हणजे सा पकडताना पहिलाच शब्द हलतो. पहिल्या अंकात खपून जातं. शेवटच्या अंकात तार सप्तक, म्हणजे वरचे सूर लागतच नाहीत, नुसती हवा येते. संगीत सौभद्र नाटकात सुभद्रा करताना माझं हेच झालं, सगळी पदं पाठ, रियाज पक्का, तरी गळा बसला.

म्हणून पदाच्या आधीची तीन-चार वाक्यं सुराच्या जवळ आणायची. गाऊन नाही, बोलूनच, पण शेवटचं वाक्य मध्य षड्जाच्या आसपास उतरलं पाहिजे. तालमीत कुणाला तरी पेटीवर सा धरून ठेवायला सांगा आणि त्यावर पूर्ण प्रवेश बोला, रोज. आणखी एक, नायकाची पट्टी वेगळी असते, त्याची काळी दोन, आपली काळी चार, त्याचं पद संपलं की आपला कान तिथंच अडकतो आणि आपण त्याच्याच सुरातून बोलायला लागतो. मधल्या गद्यातच आपल्या षड्जावर यायचं असतं. हे शिबिरात कुणी शिकवत नाही, सात दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या शिबिरात तर नाहीच.

तालीम नऊवारी नेसूनच करा, ड्रेसवर बसवलेला श्वास घट्ट कासोट्यात पुरत नाही, तान मध्येच तुटते.

ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर नाटक करणाऱ्यांकडं जाऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. समोरच्याचं वाक्य लांबलं, टाळी पडली, तर ट्रॅक थांबत नाही. ऑर्गनवाला तुमचा श्वास बघून थांबतो. गुरूसुद्धा मोठ्या नावाचाच पाहिजे म्हणून पुण्याला धावू नका, नाटकाला वर्षानुवर्षं साथ केलेला माणूस भेटला तर त्यालाच धरा. आणि जयमालाबाई शिलेदार, कीर्तीताई शिलेदार या संगीत नाटकातल्या मायलेकींचं ऐका, पण गाण्यातल्या जागा उचलायला नाही, शब्द कसा टाकलाय ते ऐकायला. जयमालाबाईंनी प्रत्यक्ष बालगंधर्वांसोबत काम केलं होतं.

आपल्या बोलीवरून हिणवतील, हेल काढते म्हणतील. मलाही म्हणाले. लई वाईट वाटतं, पण खचू नका. नाटकाची भाषा वेगळी शिकता येते, घरची सोडावी लागत नाही. उलट भारूड, भजन ऐकत वाढलेली पोरगी गाता गाता अभिनय करायला लाजत नाही, पैठणच्या नाथांच्या भारुडात दुसरं काय आहे? हे शहरातल्या कित्येकींना मुद्दाम शिकावं लागतं.

पैशाचं मात्र खरं सांगते, नाइटवर, म्हणजे प्रयोगामागं मिळणाऱ्या पैशावर घर चालत नाही. प्रयोग सलग मिळत नाहीत, प्रवासातच अर्धी रात्र जाते. शाळेतली संगीत शिक्षिकेची नोकरी असेल तर अजिबात सोडू नका, घरच्यांनाही तेच सांगा म्हणजे विरोध कमी होतो. सुरुवात राज्य नाट्य स्पर्धेपासून करा, तिथं संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा असते.

काम मिळालं की पहिल्याच दिवशी संहिता मागा. मूळच्या सौभद्रात शंभरावर पदं होती, प्रयोग रात्रभर चालायचे, आता तीनेक तासांत बसवतात आणि प्रत्येक संस्थेची काटछाट वेगळी. आपल्या वाट्याची कोणती पदं ठेवलीत आणि दोन पदांच्या मध्ये गद्य किती उरलंय ते बघा, तेवढ्यातच श्वास परत मिळवायचा असतो. गद्य फारच कापलं असेल तर दिग्दर्शकांना तेव्हाच सांगा, दोन वाक्यं वाढवून मागा. बहुतेक जण देतात.