रस्टमध्ये दोन क्लोजर एकाच जागी कशी बसवावीत

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत इफच्या शाखेत एक क्लोजर (बाहेरची व्हेरिएबल वापरू शकणारे निनावी फंक्शन) आणि एल्सच्या शाखेत दुसरे क्लोजर लिहिले, तर तो कोड कधी निमूटपणे कंपाइल होतो आणि कधी ई०३०८ ही प्रकार न जुळल्याची एरर देतो. दोन्ही वेळा क्लोजरचे आर्ग्युमेंट आणि रिटर्न टाइप अगदी सारखे असू शकतात, त्यामुळे कंपायलर लहरीपणे वागतो असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा नियम ठरलेला आहे. टाइप चेकर, म्हणजे कंपायलरचा प्रकार तपासणारा भाग, एका क्लोजरचे रूपांतर दुसऱ्या क्लोजरच्या प्रकारात कधीच करत नाही. दोघांनाही सामावून घेईल असा तिसरा प्रकार त्याला लागतो, आणि स्वतःहून तो फक्त एकाच तिसऱ्या प्रकाराचा विचार करतो, तो म्हणजे फंक्शन पॉइंटर, अर्थात फंक्शनच्या कोडचा नुसता पत्ता. याखेरीज दुसरा कोणताही प्रकार हवा असेल, तर तो आपण सांगावा लागतो, आणि तोही शाखा तपासल्या जाण्याआधी.

पुढील उदाहरणांत क्ष हे आर्ग्युमेंट आय३२ (३२ बिटचा पूर्णांक) प्रकाराचे आहे असे धरले असून, वाचायला सोपे जावे म्हणून तो प्रकार दर वेळी लिहिलेला नाही. रस्टच्या १.५३ या आवृत्तीपासून, म्हणजे जून २०२१ पासून, देवनागरी नावे स्टेबल कंपायलरला चालतात. तेव्हा प्रकार जोडून ही क्लोजर आहेत तशी चालवून पाहायला हरकत नाही.

क्लोजरचा प्रकार कशाने ठरतो

प्रत्येक क्लोजर एक्स्प्रेशनला कंपायलर स्वतंत्र, निनावी प्रकार देतो. `|क्ष| क्ष + क्ष` हे क्लोजर एकाखाली एक असे दोनदा लिहिले, तरी त्यांचे प्रकार दोन होतात, आणि एररखालच्या टिपेत कंपायलर हेच सांगत असतो: हुबेहूब सारखी असली तरी कोणत्याही दोन क्लोजरचा प्रकार एक नसतो. या प्रकारात ते क्लोजर कोडमध्ये कुठे लिहिले आहे याची ओळख, बाहेरच्या फंक्शनचे जेनेरिक पॅरामीटर, क्लोजरची सिग्नेचर, ते कसे आणि किती वेळा बोलावता येते यानुसार एफएन, एफएनम्यूट की एफएनवन्स या गटातले आहे ते, आणि कॅप्चर केलेल्या, म्हणजे बाहेरून आत घेतलेल्या, व्हेरिएबलच्या प्रकारांचा टपल एवढ्या गोष्टी असतात.

यातील शेवटच्या दोन गोष्टी फंक्शनचे शरीर तपासले जात असताना रिकाम्या असतात. कोणते व्हेरिएबल कसे कॅप्चर झाले आहे, उसने की मालकीसकट, याचे विश्लेषण शरीरातील प्रकार ठरल्यानंतर होते, आणि कोअर्शनचा, म्हणजे एका प्रकाराचे दुसऱ्यात आपोआप रूपांतर करण्याचा, निर्णय मात्र त्याआधी घ्यावा लागतो. म्हणून त्या क्षणी टाइप चेकर अधिक ढोबळ प्रश्न विचारतो: या क्लोजरच्या शरीरात बाहेरच्या एखाद्या लोकल व्हेरिएबलचे नाव आले आहे का? याचे उत्तर नावांची उकल होते तेव्हाच तयार झालेले असते. २०२१ एडिशनपासून क्लोजर एखाद्या स्ट्रक्टचे केवळ एकच फील्ड कॅप्चर करू शकते, पण या प्रश्नापुरता त्या बारकाव्याला अर्थ नाही. मूळ व्हेरिएबलचे नाव आले की क्लोजर कॅप्चर करणारे ठरले.

याचा एक व्यावहारिक फायदा असा की कॉन्स्ट आणि स्टॅटिक या लोकल व्हेरिएबलमध्ये मोडत नाहीत. `|क्ष| क्ष + वाढ` या क्लोजरमधील वाढ हे लेटने बांधलेले असेल, तर ते क्लोजर फंक्शन पॉइंटर होऊ शकत नाही. पण त्याची किंमत कंपाइल होतानाच माहीत असेल आणि आपण लेटच्या जागी कॉन्स्ट लिहून प्रकार दिला, तर तेच क्लोजर काहीही कॅप्चर न करणारे ठरते. अनेकदा एवढ्या एका बदलाने एरर जाते, आणि तरीही ही युक्ती फारशी कोणी वापरताना दिसत नाही.

शाखा एकत्र येतात तेव्हा

इफच्या शाखा, मॅचचे आर्म, अ‍ॅरेचे घटक आणि एकाच फंक्शनमधील अनेक रिटर्न यांचा सामाईक प्रकार काढण्यासाठी रस्ट लीस्ट अपर बाउंड कोअर्शन वापरतो. हे काम सगळ्या शाखा एकदम समोर ठेवून होत नाही. चेकर एक शाखा घेतो, तिचा प्रकार आतापर्यंतचा सामाईक प्रकार म्हणून धरतो, मग पुढची शाखा त्याच्याशी जुळवून पाहतो आणि गरज पडल्यास सामाईक प्रकार बदलतो.

तीन आर्मचा एक मॅच घेऊ. पहिल्या आर्ममध्ये `|क्ष| क्ष + क्ष`, दुसऱ्यात `|क्ष| क्ष * क्ष` आणि तिसऱ्यात `|क्ष| क्ष + वाढ` आहे. वाढ हे लोकल व्हेरिएबल आहे आणि मॅचच्या निकालाला आपण कोणताही प्रकार दिलेला नाही. पहिल्या आर्मनंतर सामाईक प्रकार म्हणजे पहिल्या क्लोजरचा निनावी प्रकार. दुसरा आर्म येतो तेव्हा दोन्ही प्रकार क्लोजर आहेत आणि दोन्ही काही कॅप्चर करत नाहीत, असे चेकरला आढळते. या परिस्थितीसाठी त्याच्याकडे खास नियम आहे. तो दोन्ही सिग्नेचर जुळतात का ते पाहतो, त्यांपासून आय३२ घेऊन आय३२ देणारा फंक्शन पॉइंटर बनवतो, मागे जाऊन पहिल्या आर्मच्या एक्स्प्रेशनवर क्लोजरचा फंक्शन पॉइंटर करण्याची नोंद लावतो आणि दुसऱ्यावरही तशीच नोंद लावतो. कंपायलरच्या भाषेत या नोंदीला अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. एका बाजूला क्लोजर आणि दुसऱ्या बाजूला साधे नाव असलेले फंक्शन असेल, तरी हाच नियम लागतो, कारण रस्टमध्ये प्रत्येक फंक्शनलाही स्वतःचा वेगळा प्रकार असतो.

तिसऱ्या आर्मपाशी सामाईक प्रकार फंक्शन पॉइंटर झालेला असतो. तिसरे क्लोजर वाढ कॅप्चर करते. फंक्शन पॉइंटरमध्ये केवळ कोडचा पत्ता मावतो, वाढची किंमत ठेवायला त्यात जागा नाही, म्हणून कोअर्शन नाकारले जाते. फंक्शन पॉइंटर अपेक्षित होता आणि क्लोजर मिळाले, असे एरर सांगते आणि काही कॅप्चर न करणारी क्लोजरच फंक्शन पॉइंटर होऊ शकतात अशी टीप जोडते. आता आर्मचा क्रम बदलून कॅप्चर करणारे क्लोजर पहिले ठेवा. खास नियम लागू होत नाही, सामाईक प्रकार पहिल्या क्लोजरचाच राहतो आणि दुसऱ्याच आर्मवर एरर येते, की एक क्लोजर अपेक्षित होते आणि वेगळेच मिळाले. चूक एकच, पण आर्मच्या क्रमानुसार तिचे शब्द बदलतात. म्हणून अशी एरर आली की खुणेच्या ओळीकडे पाहत बसण्यापेक्षा कोणते क्लोजर बाहेरचे काय वापरते हे आधी शोधावे.

काही कॅप्चर न करणाऱ्या क्लोजरचा फंक्शन पॉइंटर आपोआप होण्याची सोय रस्ट १.१९ मध्ये, जुलै २०१७ मध्ये आली.

प्रकार कुठे सांगावा

चेकर अपेक्षित प्रकार बाहेरून आत नेतो. लेटवर किंवा फंक्शनच्या रिटर्न टाइपमध्ये प्रकार लिहिलेला असेल, तर सामाईक प्रकार शोधण्याची गरजच उरत नाही; प्रत्येक शाखा थेट त्या प्रकाराशी जुळवली जाते. याचा दुसरा लाभ कमी दिसतो, पण तितकाच मोलाचा आहे. अपेक्षित प्रकार फंक्शन पॉइंटर किंवा डिन एफएन (जुळत्या सिग्नेचरचे कोणतेही क्लोजर ज्यामागे असू शकते असा प्रकार) असेल, तर क्लोजरची सिग्नेचर त्यावरूनच काढली जाते, त्यामुळे आर्ग्युमेंटचे प्रकार लिहावे लागत नाहीत आणि रेफरन्स घेणाऱ्या क्लोजरमध्ये लाइफटाइमवरून होणाऱ्या कुरबुरीही बऱ्याच टळतात.

कॅप्चर करणारी क्लोजर असतील तर बॉक्समध्ये, म्हणजे हीपवरच्या किमतीची मालकी असलेल्या पॉइंटरमध्ये, ठेवलेला डिन एफएन हा नेहमीचा तिसरा प्रकार. तो चेकर स्वतःहून का निवडत नाही? कारण बॉक्स बनवणे म्हणजे बहुधा हीपवर जागा घेणे, आणि असा खर्च रस्ट प्रोग्रामरच्या नकळत करत नाही. म्हणून प्रत्येक शाखेत बॉक्स न्यू आपण लिहायचे. डिनकडे जाणारे रूपांतर मात्र अपेक्षित प्रकार माहीत असेल तर आपोआप होते. दोन्ही शाखांत बॉक्स न्यू लिहिले आणि लेटवर प्रकार लिहायचा राहिला, तर एका शाखेत पहिल्या क्लोजरचा बॉक्स आणि दुसरीत दुसऱ्याचा बॉक्स, असे दोन न जुळणारे प्रकार समोर येतात आणि तीच एरर पुन्हा उभी राहते. नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते, कारण बॉक्स लावा हा सल्ला त्यांनी पाळलेला असतो. व्हेकमध्ये (वाढू शकणाऱ्या यादीत) अशी क्लोजर भरताना एकतर व्हेकचा पूर्ण प्रकार लेटवर लिहावा, किंवा पहिल्या घटकालाच अ‍ॅझ हा प्रकार बदलणारा शब्द लावून बॉक्स डिन एफएन करावे. सामाईक प्रकार तोच ठरल्यामुळे पुढचे घटक त्यात आपोआप बसतात.

कोअर्शन एखाद्या वेष्टनाच्या आत शिरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एका शाखेत सममध्ये (ऑप्शन या प्रकाराच्या ‘किंमत आहे’ या रूपात) गुंडाळलेले `|क्ष| क्ष + क्ष` आणि दुसरीत सममध्ये गुंडाळलेले `|क्ष| क्ष * क्ष` असेल, तर दोन्ही क्लोजर काही कॅप्चर करत नसतानाही एरर येते, कारण चेकर दोन ऑप्शनची तुलना करतो आणि खास नियम केवळ उघड्या क्लोजरसाठी आहे. लेटवर फंक्शन पॉइंटरचा ऑप्शन असा प्रकार लिहिला, की अपेक्षा समच्या आर्ग्युमेंटपर्यंत पोहोचते आणि क्लोजर सममध्ये जाण्याआधीच पॉइंटर होते. आधीच तयार झालेला क्लोजरचा ऑप्शन किंवा व्हेक नंतर बदलता येत नाही. त्यासाठी मॅप करून नवा बनवावा लागतो.

अ‍ॅझ वापरताना क्लोजर कंसात घ्यावे. `|क्ष| क्ष + क्ष` याच्यापुढे थेट अ‍ॅझ लिहिले, तर पार्सर ते क्लोजरच्या शरीराचा भाग मानतो आणि शेवटच्या क्षचेच फंक्शन पॉइंटरमध्ये रूपांतर करू पाहतो. कंसात घेतल्यावर मात्र पॉइंटरच्या आर्ग्युमेंटच्या आणि रिटर्नच्या जागी अंडरस्कोर लिहिले तरी पुरते.

निवड कशी करावी

शक्य असेल तिथे कोअर्शन टाळावे असे माझे मत आहे, आणि इफच्या बाबतीत ते बहुधा शक्य असते: अट क्लोजरच्या आत न्यावी. दोन क्लोजरपैकी एक निवडण्याऐवजी, अटीची किंमत कॅप्चर करून आत इफ करणारे एकच क्लोजर लिहिले, की प्रकार एकच राहतो आणि फंक्शनच्या रिटर्न टाइपमध्ये, ठोस प्रकाराचे नाव न सांगता, इम्पल एफएनही चालते. कॅप्चर करणारी दोन क्लोजर दोन शाखांतून परत करायची असतील तर इम्पल एफएन चालत नाही, कारण त्यामागे एकच ठोस प्रकार असावा लागतो. अट आत नेण्याची किंमत म्हणजे प्रत्येक कॉलमागे एक तपासणी, आणि ती बहुतेक ठिकाणी जाणवतही नाही.

आकाराचा हिशेबही माहीत असावा. काही कॅप्चर न करणारे क्लोजर शून्य बाइटचे असते. ६४ बिटच्या यंत्रावर फंक्शन पॉइंटर ८ बाइटचा आणि बॉक्स डिन एफएन १६ बाइटचा, कारण त्यात डेटाचा पत्ता आणि व्हीटेबलचा (कोणते फंक्शन बोलवायचे ते सांगणाऱ्या तक्त्याचा) पत्ता असे दोन पत्ते असतात. शून्य बाइटचे क्लोजर बॉक्समध्ये घातले तर हीपवर जागा घेतली जात नाही. हीप नकोच असेल तर डिन एफएनचा रेफरन्स वापरता येतो, रस्ट १.७९ पासून लेटच्या उजव्या बाजूला असलेल्या इफ आणि मॅचच्या शाखांतील तात्पुरत्या किमतींचे आयुष्य वाढवले जात असल्याने हा मार्ग पूर्वीपेक्षा बराच सुकर झाला आहे. फंक्शनमधून परत येणाऱ्या बॉक्स डिन एफएनवर न लिहिलेली स्टॅटिक लाइफटाइम गृहीत धरलेली असते, त्यामुळे आर्ग्युमेंटमधून आलेला रेफरन्स कॅप्चर करणाऱ्या क्लोजरसाठी त्या रेफरन्सची लाइफटाइम अधिकचे चिन्ह देऊन लिहावी लागते.

चेकरने नेमके काय केले याची खात्री करायची असेल, तर रस्टसीला (रस्टच्या कंपायलरला) एमिट या पर्यायात एमआयआर, म्हणजे कोडचे कंपायलरमधील मधले रूप, मागावे, किंवा रस्ट प्लेग्राउंडमध्ये रनच्या बटणाशेजारील मेनूतून एमआयआर निवडावे. ज्या ओळींवर पॉइंटर कोअर्शन आणि त्यात क्लोजर एफएन पॉइंटर असे लिहिलेले दिसेल, तिथे क्लोजरचा फंक्शन पॉइंटर झाला आहे. अनसाइझ दिसेल तिथे बॉक्स किंवा रेफरन्स डिनकडे वळला आहे.