एसी चालू आहे, पण गार होत नाही? गॅस भरण्याआधी एवढं तपासा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि एसी दुरुस्त करणाऱ्यांचे फोन लागेनासे होतात. तक्रार बहुतेकांची एकच असते, 'चालू आहे, पण गार होत नाही.' त्यावर उत्तरही ठरलेलंच मिळतं, 'गॅस कमी झाला असेल, भरून घ्या.' माझं कळकळीचं सांगणं आहे की गॅसकडे सर्वांत शेवटी वळा. आधी हवा, मग वीज, मग पाणी आणि त्यानंतर गॅस. या क्रमाने गेलात तर बरेचसे बिघाड घरच्या घरी कळतात, काही तर फुकटात दुरुस्तही होतात.

त्यासाठी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. एसी म्हणजे उष्णतेचा पंप, म्हणजेच हीट पंप. विहिरीतलं पाणी मोटार उपसते तशी हा खोलीतली उष्णता उपसतो आणि बाहेरच्या युनिटमधून हवेत सोडून देतो. विहीर जितकी खोल, तितकी मोटार दमते. बाहेर ४५ आणि आत १८ हवे असतील तर विहीर फारच खोल झाली. आत २६ ठेवून पंखा लावलात तर तीच मोटार आरामात चालते. 'हॉट अँड कोल्ड' एसीत हाच पंप उलटाही फिरतो आणि थंडीत बाहेरची उष्णता आत आणतो.

पायरी १ : बिघाड आहे की यंत्र अपुरं पडतंय, ते ठरवा

दुपारी चार वाजता खोली गार होत नाही, पण रात्री दहानंतर तोच एसी छान गारवा देतो, असं असेल तर यंत्र बहुधा ठणठणीत आहे. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता उपसण्याची ताकद, पण ती ३५ अंशांना. बाहेर ४५ असताना ती कमी होते. खोक्यावर '५२ अंशांपर्यंत चालतो' असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ यंत्र बंद पडणार नाही एवढाच. त्या तापमानालाही पूर्ण गारवा मिळेल, असा तो अर्थ नाही.

आता मोजून बघा. स्वयंपाकघरातला किंवा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. तापमान सर्वांत कमी आणि पंखा जोरात ठेवून एसी वीस मिनिटं चालू द्या. मग इनडोअर युनिट वरून ओढतं त्या हवेचं आणि खालून सोडतं त्या हवेचं तापमान घ्या. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल, आपल्या कोरड्या हवेत थोडा जास्तही, तर पंप काम करतो आहे. मग दोष खोलीचा असतो. वर तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत, फटी राहिलेली खिडकी. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा केला तर खूप फरक पडतो.

आपल्याकडचा एक खास घोळ इथेच सांगतो. हॉलमध्ये कूलर आणि आतल्या खोलीत एसी, मध्ये दार उघडं. कूलर हवेत पाणी मिसळत राहतो आणि एसीला तेच पाणी हवेतून पुन्हा काढावं लागतं. त्यात त्याची ताकद जाते आणि खोली गार होत नाही. दोन्ही चालवायचे असतील तर मधलं दार घट्ट लावा.

फरक पाच-सहा अंशांपेक्षा कमी आला तर पुढे चला.

पायरी २ : हवा

आधी मेन स्विच बंद करा. इनडोअरचं झाकण उचलून जाळ्या काढा. मार्च ते जून या काळात वावटळी आणि धुळीमुळे त्या आठ-पंधरा दिवसांत भरतात. जिनिंगजवळ (कापसातून सरकी काढण्याच्या गिरणीजवळ) राहत असाल तर कापसाचे तंतू जाळीवर गादीसारखे थर धरतात, ते नुसतं झटकून निघत नाहीत. साध्या पाण्याखाली उलट्या बाजूने धुवा आणि सावलीत वाळवा. आपल्या उन्हात प्लॅस्टिकची चौकट वाकते आणि मग ती परत खाचेत बसत नाही.

लोक जाळी धुतात, पण बाहेरचं युनिट विसरतात. खरी उष्णता बाहेर पडते ती तिथून. त्याच्या मागच्या पातळ पत्र्यांमध्ये बोट घालू नका, टॉर्च मारून बघा. पत्र्यांमधून आरपार दिसत नसेल तर माती बसली आहे. वीज बंद असताना मऊ ब्रशने उभ्या रेषेत वरून खाली झाडा, मग साध्या पाइपची हलकी धार सोडा. मोटार आणि वायरिंगच्या बाजूला पाणी जाऊ देऊ नका. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप लावलात तर पत्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची अडते. युनिट गच्चीच्या कडेला किंवा भिंतीवर उंच असेल तर हे काम स्वतः करू नका.

बोअरच्या पाण्याबद्दल सावध राहा. आपल्याकडे ते बऱ्याच ठिकाणी जड असतं. उन्हाळ्यात आउटडोअरवर ओलं गोणपाट टाकायची किंवा सतत फवारा मारायची पद्धत आहे. त्या दिवशी गारवा वाढतो हे खरं, पण पाणी उडून गेलं की मागे पांढरा क्षार राहतो आणि दोन-तीन हंगामांत पत्रे कुजू लागतात. त्यापेक्षा सावली करा, मात्र युनिट चारी बाजूंनी झाकू नका. चोरीच्या भीतीने बसवलेला जाड लोखंडी पिंजरा किंवा समोर रचलेलं भंगार गरम हवा अडवतं आणि युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. समोर निदान दोन-तीन फूट मोकळी जागा हवी.

पायरी ३ : वीज आणि रिमोट

रिमोट आधी बघून घ्या. 'ड्राय' किंवा 'फॅन' मोडवर राहिलेला एसी बिघडलेला समजून मेकॅनिकला बोलावणारे कमी नाहीत. बर्फाच्या चांदणीचं चिन्ह हवं. रिमोट चालतो का हे कळायला मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर लुकलुक दिसली तर रिमोट चालू आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा.

वीज गेली आणि आली की कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधली गॅस दाबून फिरवणारी मोटार, साधारण तीन मिनिटं थांबून सुरू होतो. ही त्याची सुरक्षा आहे. 'सुरू होत नाही' म्हणून सारखा बंद-चालू करू नका.

दुपारी सगळीकडे एसी, कूलर, पंप चालू असतात, तेव्हा व्होल्टेज खाली येतं. २३० व्होल्टच्या ठिकाणी १८० च्या आसपास मिळत असेल तर जुना, इन्व्हर्टर नसलेला (म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त न करणारा) कॉम्प्रेसर घुं-घुं करून बंद पडतो. स्टॅबिलायझरच्या काट्यावर दुपारचा आणि रात्रीचा आकडा लिहून ठेवा, मेकॅनिकला फार उपयोग होतो. इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर हवा का, हे माहितीपुस्तिकेत दिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेवरून ठरवा.

एसी तासभर चालल्यावर मेन स्विच बंद करून प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल, प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल किंवा जळकट वास येत असेल तर त्या सॉकेटवर एसी पुन्हा लावू नका, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. एमसीबी वारंवार पडत असेल तर तिच्या जागी मोठी बसवून घेणं हा उपाय नाही. वायर जळण्याआधी वीज तोडणं हेच तिचं काम.

आउटडोअरचा पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर उठत नाही, अशा वेळी साध्या एसीत कपॅसिटर, म्हणजे मोटार सुरू व्हायला मदत करणारा भाग, गेलेला असू शकतो. वस्तू स्वस्त आहे, पण वीज बंद केल्यावरही तिच्यात झटका शिल्लक असतो. झाकण उघडू नका. इन्व्हर्टर एसीत पाली आणि मुंग्या सर्किट बोर्डावर शिरून शॉर्ट करतात, म्हणून पाइप जिथे भिंतीतून आत येतो ते भोक पुट्टीने बुजवून टाका.

पायरी ४ : पाणी

एप्रिल-मेमध्ये ड्रेन पाइपमधून पाणी येत नाही म्हणून घाबरू नका. हवाच कोरडी असते, काढायला पाणीच नसतं. पण पहिला पाऊस पडला, हवेत दमटपणा आला, की इनडोअरमधून भिंतीवर ओघळ येतात. नळी उन्हाळाभर तुंबलेलीच होती, पाणी नसल्यामुळे ती दिसली नाही. जूनच्या आधी नळीचं बाहेरचं टोक तपासा. तिथे गांधीलमाशीचं मातीचं घर किंवा चिखल सापडतो. नळी सतत उताराने जायला हवी. मध्ये पोट सुटलं किंवा टोक बादलीतल्या पाण्यात बुडलं की पाणी मागे फिरतं.

पायरी ५ : आता गॅस

गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो उष्णता वाहून नेत बंद नळ्यांत फिरत राहतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या वर्षीही जाणारच.

गळतीची लक्षणं अशी. इनडोअरच्या कॉइलवर (जाळीमागच्या गार नळ्यांवर) किंवा आउटडोअरच्या बारीक पाइपवर पांढरा बर्फ धरतो. पाइपच्या जोडावर धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो. त्या जोडावर साबणाचा फेस लावला तर बुडबुडे येतात. मात्र कॉइलवरचा बर्फ तुंबलेल्या जाळीमुळेही धरतो, म्हणूनच पायरी २ आधी. बर्फ दिसला की कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडलं तर खर्च कितीतरी पटीने वाढतो.

मेकॅनिक गॅस भरणार असेल तर क्रम असा मागा. आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधून बंद करायची, मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा काढायची, मग आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. पाटीवर आर-३२, आर-४१०ए की आर-२२ ते वाचा, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नव्या एसीत बहुधा आर-३२ असतो आणि तो पेट घेऊ शकतो. काम चालू असताना आसपास विडी-सिगारेट, गॅसची शेगडी काही नको.

थंडीत गरम करताना

धुळ्याकडे थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा हॉट अँड कोल्ड एसीचा उपयोग होतो. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं पंखा थांबून राहतो. कॉइल तापेपर्यंत गार झोत अंगावर येऊ नये म्हणून तशी सोय असते. ओल्या, गार पहाटे आउटडोअरवर दव गोठतं आणि ते वितळवण्यासाठी यंत्र मध्येच गरम हवा थांबवतं, बाहेर वाफ आणि पाणी दिसतं. दहा मिनिटांत ते पुन्हा सुरू झालं तर सगळं ठीक. गरम मोडवर सतत गारच हवा येत असेल तर गॅसची दिशा बदलणारा झडपेचा भाग अडकलेला असू शकतो, ते काम मेकॅनिकचं.

मेकॅनिकला फोन करताना इनडोअर ओढतं आणि सोडतं त्या हवेच्या तापमानातला फरक, दुपारचं व्होल्टेज, आउटडोअरचा पंखा फिरतो की नाही आणि पाटीवरचा गॅस, एवढं सांगा. इनडोअरचा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा. किती वेळा लुकलुकतो त्यावरून इन्व्हर्टर एसीत कोणता भाग अडला आहे ते कळतं आणि मेकॅनिक निघतानाच तो भाग बरोबर घेऊन येऊ शकतो.